कमिटीचा नारळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक नारळ न सोलणं.

शनिवारची दुपार होती. पाडेली सकाळीच येऊन तळ्यापलीकडच्या माडावरून नारळ उतरवून गेला होता. मी त्यातला एक चांगला बघून घेतला आणि अंगणातल्या पहारेपाशी गेलो. आमची पहार जमिनीत कायमची रोवलेली आहे, टोक वर. त्यावर नारळ आपटायचा, पिळायचा, की वरचं सोडण निघतं. हे काम आमच्या घरात हिचं. माझ्या हातून शेंडी तुटते. त्या दिवशी हिचा खांदा दुखत होता म्हणून मी नारळ उचलला, तर ही ओट्यावरून म्हणाली,

"अहो, थांबा. सोलू नका. सोललेला रुजत नाय."

मी थांबलोच. एक तर तीस-पस्तीस वर्षं त्या माडाचा नारळ ही सगळ्यांना सोलून देत आलेली. दुसरं म्हणजे मामला फुटबॉलचा होता, आणि फुटबॉलवर बोलताना ही मला कधी 'अहो' म्हणत नसे. देवळात, पाहुण्यांत, दवाखान्यात 'अहो'. विषय फुटबॉलवर आला की 'अरे'. माझी आई होती तेव्हा तिच्यासमोरसुद्धा. आई विचारायची, "नवऱ्याला अरे म्हणतेस?" तर ही म्हणायची, "नवऱ्याला नाय हो. बॅकला."

मला दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मैदानावर तो नारळ एका माणसाला द्यायचा होता. माणूस म्हणजे आमच्या गिरीजच्या टीमचा जुना बॅक. नोकरीने लाइनमन. दिवसभर विजेच्या खांबावर, संध्याकाळी मैदानावर. वय छत्तीस-सदतीस. कमिटीतल्या पोरांनी ठरवलं होतं की याला एव्हरशाईन सिटीतल्या टीमला द्यायचा आणि बदल्यात त्यांचा एक पळणारा पोरगा घ्यायचा. निरोपाचा नारळ कोणी द्यायचा, तर काकांनी. कारण गावात असा नारळ मिळालेला आणि अजून जिवंत असलेला मी एकटाच.

मीही बॅकच होतो. डावीकडचा. मला 'खांब' म्हणायचे. जागचा हलत नाही म्हणून. मला ते कौतुक वाटायचं. लागोपाठ दोन वर्षं आम्ही फायनलला हरलो. गोल खाल्ला एकेकच, पण मारला एकही नाही. जवळच्या वटार गावाकडे एक फॉरवर्ड होता, त्याला सगळे 'वाऱ्या' म्हणत. वटारला बॅक हवा होता, आम्हाला फॉरवर्ड. दोन्ही कमिट्या सावलीत बसल्या, चहा झाला, आणि चहा संपेपर्यंत मी वटारचा आणि वाऱ्या गिरीजचा झाला होता. मला मैदानावर बोलावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरीने हातात नारळ ठेवला. मी सायकलच्या कॅरिअरला नारळ लावला आणि खुशीत घरी आलो.

ही वाडीत वाल खुडत होती. मी म्हटलं, "माझा सत्कार झाला."

"शाल कुठाय?"

"शाल नव्हती."

"हार?"

"हार पण नव्हता."

"मग काय दिलं?"

मी नारळ दाखवला. हिने तो हातात घेतला, फिरवून बघितला. सोललेलासुद्धा नव्हता, असोलाच. कोणाच्या तरी वाडीतून येता येता उचललेला.

"आता तू खेळनार कुठं?"

"वटारकडून. ते फार मागे लागलेत म्हणे."

"अरे, सत्कार कसला!" ही म्हणाली. "तुला नारळ दिला त्यांनी!"

खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. नोकरीवरून काढलेल्याला नारळ दिला म्हणतात हे मला काय ठाऊक नव्हतं? पण आमच्या गावात जिकडेतिकडे माड. इथे पाहुण्याला नारळ, भटजीला नारळ, शेजाऱ्याला नारळ. हातात नारळ आला की माणसाला वाईट वाटत नाही. मी पायरीवर बसलो तो जेवायलाही उठलो नाही.

हिने तो नारळ जोर लावून बावखलाच्या पलीकडे भिरकावला. बावखल म्हणजे आमच्या वाडीतलं तळं. म्हणाली, "मानसाला काढायचं तर काढा. निदान नारळ सोलून तरी द्या! तेवढीपन किंमत नाय?"

पुढे पावसाळा उलटल्यावर हीच एकदा गवत कापायला तिकडे गेली आणि मला हाका मारायला लागली. बघतो तर नारळाला हातभर कोंब. मी म्हटलं, उपटून नीट जागी लावू. ही म्हणाली, "जिथं पडला तिथंच राहील. खांब आहे तो." पण माडाला तिने माझं नाव दिलं नाही. त्याचं नाव ठेवलं 'कमिटी'.

मग आमच्या घरात जन्मभर तेच चाललं. "कमिटीला शेण घातलं का?" "कमिटीला भुंगा लागलाय." "कमिटी फार माजलीय, झावळ्या काढायला पायजेत." नवीन माणूस ऐकून गोंधळायचा. हिचं माहेर मिठागराकडचं. माडाच्या मुळाशी मीठ घालायचं ते ही दर वर्षी स्वतः घालायची, आणि घालताना तोंडाने चालूच असायचं. "घे, खा. मीठ खा. खाल्ल्या मिठाला जाग. तुझ्या बापांना जमलं नाय." सेक्रेटरी एकदा कुंपणाबाहेरून जात होता, त्याने ऐकलं. त्यानंतर तो आमच्या बाजूने यायचाच बंद झाला, रस्ता लांब पडला तरी.

हिला फुटबॉल कोणी शिकवला नाही. लग्न होऊन आली तेव्हा बॉल चामड्याचा असतो हेही माहीत नव्हतं. पण मॅच बघायला बसली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तू बांध आहेस." मिठागरात खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध असतो. हिचे वडील बांधावर राखणीला. ही लहानपणापासून त्यांच्याबरोबर बांधावर फिरलेली, कुठे भेग पडली, कुठे खेकड्याने बीळ केलं, ते बघत. मॅचमध्येही ही तेच बघायची. बॉलकडे नजर नाही. सगळं मैदान डावीकडे मान वळवायचं, ही उजवीकडे बघत बसायची. मी विचारलं तर म्हणायची, "बॉल सगळेच बघतात. मी पानी कुठनं शिरेल ते बघते."

आणि तिला ते दिसायचं. वाऱ्या आल्यावर दुसऱ्याच मॅचला ही शेजारणीला म्हणाली, "डावीकडनं शिरनार." पाच मिनिटांत डावीकडून गोल. घरी येऊन हिने बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा काढला आणि त्यात एक चिंचोका टाकला. त्या दिवसापासून गिरीजने डाव्या बाजूने खाल्लेल्या प्रत्येक गोलाला एक चिंचोका. उजवीकडून गेलेला धरायची नाही. मी म्हणायचो, "तोही घाल की, डबा लवकर भरेल." तर म्हणायची, "तो तुझ्या वाटनीचा नव्हता. लबाडी करून वाद जिंकायचा नाय मला."

वाद एकच. मला देऊन वाऱ्याला घेतलं, यात टीमचा फायदा झाला की नुकसान?

मी म्हणायचो, फायदा. वाऱ्या आला आणि पुढच्याच वर्षी कप आला. गावाने मिरवणूक काढली. कप अजून देवळाच्या कपाटात आहे. याच्यावर काय बोलणार? पण ही बोलायची. "कप एकदा आला. वारा तीन वर्षांत आखातात उडून गेला. मागं काय ऱ्हायलं? भोक!" मी म्हणायचो, "मी तरी किती वर्षं पुरलो असतो?" ती म्हणायची, "तू सात वर्षं पुरला असतास, आनि एकाला तयार करून गेला असतास. वाऱ्यानं कोनाला तयार केलं? वारा शिकवता येतो का?"

हा वाद आम्ही कुठे घातला नाही असं ठिकाण नाही. वटारला एका लग्नात पंगतीत बसून घातला, वाढणारे जिलबी घेऊन उभे. बँकेच्या रांगेत घातला, मागचे लोक त्यात पडले आणि आमचा नंबर गेला. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा डॉक्टरने खात्री करायला विचारलं, "आजी, कुठला डोळा?" ही म्हणाली, "डावा. डावी बाजू कोनाला सांभाळता येत नाय." डॉक्टर हसला. त्याला वाटलं आजी गमतीशीर आहेत. मला कळलं की हा टोमणा कमिटीला होता.

तिचा खरेपणा मला कळला तो वटार-गिरीज मॅचला. मी वटारच्या बाजूने उभा, समोरून वाऱ्या गिरीजचा. ही कुठे बसणार याच्यावर गावात पैजा लागलेल्या. ही बसली गोलच्या मागे, मधोमध. पूर्ण मॅच मी वाऱ्याला हलू दिला नाही. शेवटी शेवटी त्याने उजवा खांदा दाखवला, मी तिकडे वळलो आणि तो डावीकडून गेला. गोल. गिरीज जिंकलं. माझं गाव जिंकलं आणि मी मान खाली घालून घरी आलो.

घरी ही सरळ स्वयंपाकघरात गेली. फडताळातून एक लहान वाटी काढली, तिच्यात एक चिंचोका ठेवला आणि वाटी डब्याशेजारी ठेवली.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"तुझा. आपल्या मानसाचा गोल लपवायचा नाय."

ती वाटी अजून तिथेच आहे. त्यात तो एकच चिंचोका. नंतर मी डावीकडून गोल खाल्लाच नाही असं नाही, पण ही म्हणायची, बाकीचे गोलीचे होते. मला माहीत आहे, दोन माझे होते. तिलाही माहीत असणार. तिची लबाडी म्हणाल तर तेवढीच.

डबा तिने एके वर्षी बंद केला. मला चाळीस पूर्ण झाली त्या वर्षी. झाकण दाबून लावलं आणि म्हणाली, "आता तुझे गुडघे गेले. आता तू असतास तरी शिरलं असतं. पुढचं त्यांचं त्यांनी बघावं." वाद मात्र बंद केला नाही.

कमिटीला नारळ धरायला लागले तेव्हा ते ना विकले, ना देवाला फोडले. हिने वेगळीच रीत काढली. गावात कोणाला नोकरीवरून काढलं की ही त्या माडाचा एक नारळ सोलून, शेंडी राखून, त्याच्या घरी न्यायची. पहिला नेला तो एका शेजाऱ्याकडे, त्याची फॅक्टरी बंद पडली होती. त्याची आई दारातच भडकली. "जखमेवर मीठ चोळायला आलीस?" ही म्हणाली, "मीठ माडाला घातलंय, मावशी. तुम्ही नुसतं खोबरं खा." आणि उंबऱ्यावर नारळ ठेवून आली. मी म्हटलं, कशाला लोकांच्या शिव्या खातेस? म्हणाली, "ज्यांनी काढलं त्यांनी असोला दिला. आपन सोलून द्यावा. मानसाला कळू दे कोनीतरी बसून सोललाय."

पुढे पुढे लोक वाट बघायला लागले. आमच्या मुलीची नोकरी गेली तेव्हा ती एव्हरशाईनच्या फ्लॅटमधून फोन करून आईला म्हणाली, "आई, माझा नारळ पाठव." ही रिक्षा करून स्वतः घेऊन गेली. चौथ्या मजल्यावरून खाली बघून म्हणाली, "हितं वरून नारळ पडला तर कोनाचं तरी कपाळ फुटेल, रुजनार नाय," आणि संध्याकाळच्या आत परत आली. वाडी सोडून राहायला कधी तयार झाली नाही.

आता माझं सांगतो. मी फायदा झाला म्हणायचो ते मला तसं वाटायचं म्हणून नाही. पहिली काही वर्षं वाटायचं. नारळ मिळाला त्या दिवशी मी पायरीवर बसलो होतो तेव्हा मला पटलं होतं की आपण गेलो ते बरं झालं, आपला उपयोग संपला. मी तसं म्हटलं की ही उसळून 'नाही' म्हणायची. डबा आणायची, बांध आणायची, वाऱ्याला शिव्या घालायची. तिचं ते 'नाही' ऐकायची मला सवय लागली. बायका नवऱ्याची स्तुती तोंडावर करत नाहीत, आमच्यात तरी नाहीत. हिनेही कधी केली नाही. नुसता वाद घातला. मी हो म्हणायचो, म्हणजे ती नाही म्हणेल. एवढं साधं होतं. तिला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने वाद बंद केला असता, अशी भीती.

म्हणून त्या शनिवारी ती 'अहो' म्हणाली तेव्हा मी नारळ खाली ठेवला. म्हटलं, "आजवर सोलूनच देत आलीस."

"आजवरच्यांना खायला दिला. हा बॅक आहे."

"मग?"

"मग काय? आपला असोला होता म्हनून रुजला ना?"

एवढंच म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिलो. एवढ्या वर्षांत त्या असोल्या नारळाबद्दल ती पहिल्यांदा बरं बोलली होती. म्हणजे वाद सोडला की काय? झालं ते बरं झालं, असं म्हणते की काय? विचारणार होतो. पण मोटर चालू करायची वेळ झाली होती. म्हणाली, "केळीला पानी सोडून येते, मग चहा टाकते," आणि फावडं घेऊन गेली. मी विचारलं नाही. म्हटलं, चहाला विचारू.

आमच्याकडे पाटाने पाणी जातं. आधी नारळींना, मग सुपारीला, शेवटी केळीला, तिथून ओट्याजवळच्या आळ्यात. त्या दिवशी पाणी आळ्यात आलंच नाही. अर्धा तास झाला. मी म्हटलं पाट कुठेतरी फुटला असेल, म्हणून बघायला गेलो. पाट फुटला नव्हता. ही कमिटीच्या बुंध्याला टेकून बसली होती, फावडं मांडीवर, आणि पाणी सगळं तिच्या पायाशी साठून बावखलात जात होतं. पाट वळवायचा राहून गेला होता.

डॉक्टरने येऊन सांगितलं ते मला तिथेच कळलं होतं. मुलगी आली, जावई आला, गाव आलं. त्याच संध्याकाळी सगळं झालं.

सकाळी कमिटीची पोरं दारात उभी. आताचा सेक्रेटरी म्हणाला, "काका, आजचा कार्यक्रम रद्द केला. पुढच्या महिन्यात बघू."

मी म्हटलं, "रद्द नाही करायचा. मी येतो."

मुलगी म्हणाली, "बाबा, सुतकात कुठे जाता?"

मी म्हटलं, "सुतक कोणाचं आहे? जिचं आहे तिनेच नारळ कसा द्यायचा ते सांगून ठेवलंय."

मी नारळ घेतला, काखेत चिंचोक्यांचा डबा घेतला आणि मैदानावर गेलो. लोक बरेच जमले होते. मला बघून उठून उभे राहिले. लाइनमन पुढे आला. रात्री आमच्याकडेच होता, वाडीत दिव्याची वायर त्यानेच ओढून दिली होती. त्याने हात पुढे केले. मी म्हटलं, "हातात देत नाही, मला सुतक आहे. खाली ठेवतो, तू उचल." आणि मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे मी उभा राहायचो तिथे, नारळ ठेवला.

मग डब्याचं झाकण उघडलं आणि पोरांसमोर धरलं. म्हटलं, "हे मला वटारला दिल्यावर गावाने डावीकडून खाल्लेले गोल. हिने मोजलेत. एकही खोटा नाही. तुम्ही याला द्यायचा तर द्या, तुमची कमिटी आहे. पण कोणालातरी मोजायला बसवा."

सेक्रेटरी हळूच म्हणाला, "काका, पण तुम्ही तर कायम म्हणायचात की फायदा झाला."

"म्हणायचो."

"मग?"

"नुकसान झालं," मी म्हटलं. मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं. "टीमचं नुकसान झालं."

मी डब्याचं झाकण लावलं. जरा थांबलो. सवयीने. कोणीतरी 'अरे' म्हणून उलटं बोलेल असं वाटलं.

लाइनमन खाली बसला होता, नारळावर हात ठेवून. विचारायला लागला, "काका, हा असोलाच नेऊ? सोलून घेऊ?"

"सोलू नको. सोललेला रुजत नाही."

"मग घरी काय सांगू? सत्कार झाला म्हणून सांगू?"

मी म्हटलं, "तू काही सांगू नको. बायकोच्या हातात दे आणि विचार, सत्कार झाला की नारळ मिळाला. ती सांगेल ते खरं."

तो गेला. मी डबा घेऊन घरी आलो, फावडं उचललं, आणि पाट केळीकडे वळवला.